बंदूक कोणी तपासली? जादूचा उलगडा करणाऱ्या चिकित्सक मित्रांना खुले पत्र

प्रति,
जादूच्या प्रयोगांची चिकित्सा करणाऱ्या सर्व मित्र-मैत्रिणींना,

सप्रेम नमस्कार.

बंदुकीची गोळी दातांत झेलण्याचा प्रयोग कुठे झाला, किंवा कोणी साखळदंडांनी जखडून घेऊन पाण्यात उतरला, की आपल्यात वादाला तोंड फुटतं. एक जण म्हणतो, गोळी मेणाची होती. दुसऱ्याच्या मते बंदूक तपासायला पुढे आलेला प्रेक्षक त्यांचाच माणूस होता. तिसरा चित्रफीत थांबवत थांबवत बघतो आणि सावली नेमकी कुठे हलली ते दाखवून देतो. या वादांपायी मी रात्री जागवल्या आहेत. त्यांतला आनंद मला ठाऊक आहे आणि मी त्यांतून पुष्कळ शिकलेही आहे. तेव्हा हे पत्र बाहेरच्या कोणी लिहिलंय असं समजू नका.

माझी तक्रार एकाच वाक्याबद्दल आहे. वाद संपत आला की कोणीतरी ते टाकतं आणि बाकीचे माना डोलावतात: ‘नुसती ट्रिक आहे, धोका वगैरे काही नव्हता.’

या वाक्यात दोन दावे एकमेकांना चिकटवलेले आहेत. ही ट्रिक आहे, हा पहिला दावा मला पूर्ण मान्य आहे. दातांनी गोळी झेलणारा माणूस जन्माला आलेला नाही. पण ‘म्हणून धोका नव्हता’ हे पहिल्या दाव्यातून आपोआप निघत नाही. ते वेगळं सिद्ध करावं लागतं आणि आपण ते कधीच करत नाही. एरवी कोणीही काहीही सांगितलं की ‘पुरावा काय?’ असं विचारणारे आपण, इथे मात्र विचारत नाही.

चुंग लिंग सू याचा मृत्यू तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. तरी तो पुन्हा सविस्तर सांगते, कारण आपण बहुधा त्याची अर्धीच हकीकत सांगतो. हा माणूस चिनी नव्हता. विल्यम एल्सवर्थ रॉबिन्सन हा अमेरिकन जादूगार. चिनी नाव, चिनी पेहराव आणि मंचावर इंग्रजीचा एक शब्दही उच्चारायचा नाही, हे सोंग त्याने १९०० पासून शेवटपर्यंत निभावलं. २३ मार्च १९१८ च्या रात्री लंडनच्या वूड ग्रीन एम्पायर नाट्यगृहात त्याने आपला गोळ्या झेलण्याचा ठरलेला प्रयोग सुरू केला. बार उडाला आणि एक गोळी खरोखरच त्याच्या फुप्फुसातून आरपार गेली. काहीतरी घडलंय, पडदा पाडा, असं तो इंग्रजीत म्हणाला. त्याच्या तोंडून इंग्रजी ऐकण्याची त्या प्रेक्षकांची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी तो गेला.

आता त्याची यंत्रणा पाहा. बंदुका ठासणीच्या होत्या, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून गजाने ठासून भरायची. प्रेक्षकांतून आलेले लोक गोळ्यांवर खुणा करत. पण बंदुकीपर्यंत पोचेस्तोवर त्या गोळ्या बदललेल्या असत आणि खुणेच्या गोळ्या गुपचूप सूच्या हाती गेलेल्या असत. नळीत ठासली जाणारी दारू खरी होती आणि वर बसवलेली बदली गोळीही खरीच होती. फक्त चाप ओढल्यावर उडणारी ठिणगी त्या नळीकडे जातच नसे. ठासणीच्या बंदुकीत मुख्य नळीखाली गज ठेवायला एक बारीक नळी असते. तिच्यात गोळीविना दारू भरलेली असे आणि ठिणगी तिकडे वळवलेली असे. आवाज व्हायचा, जाळ दिसायचा, धूर निघायचा आणि वरच्या नळीतली गोळी जागच्या जागी राहायची. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरलेली बंदूक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उडते आणि तरी उडत नाही! ही कल्पना इतकी देखणी आहे की आजही ती कोणाला समजावून सांगताना माझा आवाज चढतो.

प्रयोग झाल्यावर ती भरलेली नळी रिकामी करावी लागे. बार काढून ती रिकामी करण्याऐवजी रॉबिन्सन बंदुकीचा मागचा भाग खोलून गोळी आणि दारू बाहेर काढत असे. वर्षानुवर्षं खोलून आणि लावून त्याचे आटे झिजले. झिजलेल्या जागेत दारूचे बारीक कण शिरत गेले, साचत गेले. त्या रात्री ठिणगीला त्या कणांवरून वरच्या नळीची वाट सापडली.

हे कळलं कसं? बंदूकतज्ज्ञ रॉबर्ट चर्चिल यांनी ती बंदूक तपासली म्हणून. मृत्यूच्या चौकशीत अपघाताचा निर्णय झाला. तरीही पुढे लोक तर्क लढवतच राहिले. कोणी म्हणालं आत्महत्या, कोणी त्याच्या घरगुती भानगडींवरून खुनाची गोष्ट रचली. त्या तर्कांना बंदुकीच्या आट्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

मला या प्रकरणातून जे दिसतं ते असं. ती ट्रिक होती. करणाऱ्याला तिची नस न् नस माहीत होती. मदतनिसांना माहीत होती. गोळी झेलता येते असं त्या मंचावरच्या एकालाही वाटत नव्हतं. एवढं सगळं असूनही माणूस मेला, आणि ज्या यंत्रणेने गोळी थांबायची तीच झिजल्यामुळे मेला. ‘नुसती ट्रिक’ हे शब्द मला त्या बंदुकीसमोर उभं राहून उच्चारता येत नाहीत. त्याच वर्षी हॅरी केलर या बुजुर्ग जादूगाराने सुटकेच्या प्रयोगांसाठी गाजलेल्या हुडिनीला पत्र लिहून विनवलं होतं की गोळी झेलण्याच्या प्रयोगाच्या वाटेला जाऊ नकोस. केलरला मंत्रतंत्राची भीती वाटत होती का? नाही. हा प्रयोग आतून कसा चालतो हे तो जाणून होता आणि त्याची भीती त्या जाणण्यातूनच आली होती.

आता आपल्या सगळ्यात लाडक्या स्पष्टीकरणाकडे येते, ते म्हणजे कोरं काडतूस, ‘ब्लँक’. ५ ऑक्टोबर २००३ ला ब्रिटनच्या चॅनल फोरवर डेरेन ब्राउन या ब्रिटिश जादूगाराने रशियन रुलेचा, म्हणजे पिस्तुलाच्या एकाच कप्प्यात काडतूस ठेवून ते डोक्याला लावून चाप ओढण्याचा, प्रयोग केला. प्रयोग जर्सी बेटावर झाला होता आणि तिथल्या पोलिसांनी नंतर सांगितलं की खरी काडतुसं वापरलेली नव्हती. झालं, चिकित्सकांच्या दृष्टीने विषय मिटला. ब्राउनच्या चमूने काय काळजी घेतली यावर मी इथे बोलत नाही. मी बोलते आहे ते ‘कोरं काडतूस, म्हणजे धोका नाही’ या आपल्या उडीबद्दल. जॉन-एरिक हेक्सम हा अमेरिकन अभिनेता १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये एका मालिकेच्या चित्रीकरणस्थळी बसला होता. त्याने कोऱ्या काडतुसाचं पिस्तूल कानशिलाला टेकवलं आणि चाप ओढला. कोऱ्या काडतुसात शिशाची गोळी नसते, पण दारू असते आणि ती दाबून धरणारा बोळा असतो. नळीच्या तोंडाशी त्या वायूचा दाब एवढा असतो की हेक्समच्या कवटीचा तुकडा मेंदूत घुसला. काही दिवसांनी तो वारला. हे ठाऊक असलेला कोणीही डोक्याशी धरलेल्या पिस्तुलाबद्दल ‘ब्लँक तर होतं’ असं म्हणून मोकळा होऊ शकणार नाही.

दुसरं मला बोलायचं आहे ते आपल्या तर्काच्या पद्धतीबद्दल. एखादा प्रयोग अमुक रीतीने करता येतो हे दाखवणं वेगळं आणि तो त्या रात्री त्याच रीतीने केला हे दाखवणं वेगळं. गोळी झेलण्याच्याच कितीतरी रीती आहेत: मेणाची गोळी, बदललेली गोळी, गजाबरोबरच गोळी बाहेर ओढून घेणं, ठिणगी भलतीकडे वळवणं. आपण यातली एक उचलतो, ती प्रयोगाला बसते का पाहतो आणि बसली की ‘उलगडा झाला’ म्हणून जाहीर करतो. बसणाऱ्या बाकीच्या रीतींचं काय? अंधश्रद्धेविरुद्धच्या कामात पहिली पायरी पुरते. कोणी दैवी शक्तीचा दावा केला, तर तेच साध्या हातचलाखीने करून दाखवलं की दाव्यातली हवा जाते. पण एका जिवंत माणसाविषयी ‘त्याने असंच केलं, त्याला काही धोका नव्हता, तो लोकांना उल्लू बनवतोय’ असं म्हणायचं असेल तर पहिली पायरी पुरत नाही.

आणि आपण ज्यांच्या भरवशावर तर्क करतो त्या प्रत्यक्षदर्शींच्या हकिगती किती भरवशाच्या असतात? एस. जे. डेव्ही या इंग्रज तरुणाने एकोणिसाव्या शतकात याचा कसून तपास केला. पाटीवर आत्मे लिहून जातात, असा खेळ त्या काळी ‘माध्यमं’, म्हणजे मृतात्म्यांशी संपर्क असल्याचा दावा करणारे लोक, करत. डेव्हीने तो हातचलाखीने करायचा सराव केला, लोकांना बसवलं आणि नंतर जे पाहिलं ते लिहून द्यायला सांगितलं. रिचर्ड हॉजसन यांच्यासोबत १८८७ मध्ये त्याने ते सगळं प्रसिद्ध केलं. शिकल्यासवरल्या माणसांनी महत्त्वाच्या घटना गाळल्या होत्या, घडलेल्या गोष्टींचा क्रम उलटासुलटा केला होता आणि पाटी क्षणभरही नजरेआड झाली नाही असं ठामपणे लिहिलं होतं. आपण हे उदाहरण श्रद्धाळूंच्या तोंडावर फेकायला वापरतो. पण ‘मी पहिल्या रांगेत होतो, बंदूक बदललेली मी स्वतः पाहिली’ असं म्हणणारा चिकित्सकही त्याच मेंदूने पाहतो आणि त्याच मेंदूने आठवतो.

‘सगळेच सामील होते’ हे स्पष्टीकरण तर मला सगळ्यात जास्त टोचतं. शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना हुडिनीबद्दल खात्री होती की तो कुलपं-पेट्यांतून सुटतो ते अतींद्रिय शक्तीने, देह विरघळवून. हुडिनी जन्मभर सांगत राहिला की यात तसलं काही नाही. डॉयल यांनी ऐकलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १९३० मध्ये आलेल्या पुस्तकातही त्यांनी हेच लावून धरलं. त्यांच्या स्पष्टीकरणात दोष काय होता? ते कशालाही लागू पडत होतं आणि कशानेही खोटं ठरत नव्हतं. आता आपल्याकडे पाहा. पेटी तपासणारा प्रेक्षक सामील. पोलीस सामील. कॅमेरावाला सामील. डॉक्टर सामील. हरकत घेणारा तर सामील असलाच पाहिजे! हेही कशालाही लागू पडतं आणि कशानेही खोटं ठरत नाही. सामील माणसं असतात, जादूच्या धंद्यात ती जुनी गोष्ट आहे. पण कोण, कुठे बसलेला, त्याने नेमकं काय केलं, हे सांगता येत नसेल तर आपण डॉयल यांच्याच बाकावर बसलेलो असतो.

आता माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलेलं सांगते. हे मी फार थोड्या लोकांना सांगितलंय.

विशीत असताना मी छोटे छोटे प्रयोग करत असे. त्यात एक खिळ्याचा होता. लाकडाच्या चार ठोकळ्यांपैकी एकावर उभा खिळा, चारही ठोकळ्यांवर कागदी पेले पालथे. माझी पाठ वळलेली असताना त्यांची अदलाबदल करायची, मग मी एकेक पेला तळहाताने चेपत जायचं. खिळ्याचा पेला मला एका बारीक खुणेवरून ओळखू येई. एका कार्यक्रमात मी जास्त रंगत आणायची म्हणून माझ्या हाताऐवजी मैत्रिणीचा हात धरला. दोन पेले सपाट झाले. तिसऱ्यावर तिचा हात आपटण्यासाठी मी तो उचलला आणि तेवढ्यात मला तो पेला एका बाजूला किंचित टेकलेला दिसला. आतून काहीतरी त्याला उचलून धरत होतं. अदलाबदल करताना कोणाकडून तरी एक पेला पडला होता आणि परत ठेवताना तो दुसऱ्याच ठोकळ्यावर गेला होता. माझी खूण एकीकडे होती, खिळा दुसरीकडे. तिचा तळहात माझ्या हातात होता, गरम, थोडासा घामेजलेला, पूर्ण विश्वासाने सैल सोडलेला. मी तिथेच प्रयोग थांबवला. पुन्हा कधी केला नाही.

कार्यक्रमानंतर एक प्रेक्षक माझ्याजवळ आला आणि हसत म्हणाला, ‘खिळा रबराचा होता ना? मी लगेच ओळखलं.’

त्याची चूक नव्हती, त्याने जे पाहिलं त्याला रबराच्या खिळ्याचं स्पष्टीकरणही बसत होतं. पुढे २०१६ मध्ये पोलंडच्या दूरचित्रवाणीवर सकाळच्या एका कार्यक्रमात हाच प्रकार कागदी पिशव्या घेऊन झाला. जादूगाराने निवेदिकेचा हात धरून पिशवीवर आपटला आणि खिळा तिच्या तळहातात घुसला. ती बातमी मी शेवटपर्यंत वाचू शकले नाही.

शेवटी चंचल लाहिरी. ‘जादूगार मँड्रेक’ म्हणून तो ओळखला जाई. २०१३ मध्ये कोलकात्यात हुगळी नदीवर त्याने पिंजऱ्यातून सुटण्याचा प्रयोग केला. पिंजऱ्याला असलेलं दार आणि त्यातून निसटणारा लाहिरी दिसला असं म्हणत जमलेल्या लोकांनी त्याला धक्काबुक्की केली. जरा विचार करा: जादूगार दारातून बाहेर आला म्हणून मारहाण! त्याने कुठून बाहेर यावं अशी अपेक्षा होती? १६ जून २०१९ ला तो पुन्हा हुगळीत उतरला. हावडा पुलाजवळ, साखळ्या आणि दोरांनी हातपाय बांधलेले, क्रेनने पाण्यात सोडलेला. तो वर आला नाही. दुसऱ्या दिवशी प्रवाहाच्या दिशेने काही अंतरावर त्याचा मृतदेह मिळाला.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या जमावाने त्याला मारलं, असं मी म्हणणार नाही. ते म्हणणं वर ज्या उडीला मी हरकत घेतली तशीच एक उडी होईल. पण ‘पकडलं, पकडलं’ म्हणून ओरडणाऱ्या लोकांसमोर जो कलावंत उभा राहतो, तो पुढच्या खेपेला दार ठेवताना दहादा विचार करेल, एवढं समजायला मला पुरावा लागत नाही. मी जादूगारांशी बोलले आहे. सुरक्षेची सोय आणि पकडलं जाण्याची भीती यांत ओढाताण असते, हे त्यांच्याकडूनच ऐकलं आहे. पाण्याखाली मदतनीस ठेवला तर तो कोणाला तरी दिसेल. कुलूप सैल ठेवलं तर कोणीतरी हलवून पाहील. आपल्या चर्चा या ओढाताणीत कोणत्या बाजूने जोर लावतात? ‘सुटकेची वाट ठेवली होती म्हणजे फसवणूक’ असं आपण जेव्हा लिहितो, तेव्हा आपण सुटकेची वाट ठेवण्यालाच गुन्हा ठरवतो.

तेव्हा माझी विनंती आहे. चिकित्सा थांबवा असं मी अजिबात म्हणत नाही. उलट ती अर्ध्यावर सोडू नका. ‘कसं केलं?’ याच्याबरोबर ‘ते फसलं असतं तर काय झालं असतं आणि ते फसू नये म्हणून कोणी काय केलं होतं?’ हेही विचारा. बंदूक प्रयोगाआधी कोणी तपासली, शेवटची दुरुस्ती कधी झाली, पाण्यात उतरणाऱ्यासोबत पोहणारे किती होते, थांबवायची खूण कोणती ठरली होती, आणि मंचावर बोलावलेल्या प्रेक्षकाला आपण कशात हात घालतोय याची कितपत कल्पना दिली होती. या प्रश्नांची उत्तरं देताना जादूगाराला गुपित फोडावं लागत नाही. जो उत्तर देऊ शकत नाही त्याचा प्रयोग बघायला मी तरी जाणार नाही. आणि ज्याच्या प्रयोगात सुटकेची वाट चुकून दिसली, त्याची चित्रफीत लाल बाण काढून पसरवण्याआधी हात आवरा. ती वाट दिसली म्हणून आपली संध्याकाळ फार तर थोडी फिकी झाली असेल.

कुलूपबंद पेटी घेऊन पाण्यात उतरण्याच्या एका नव्या प्रयोगावर आपल्यात पुन्हा वाद सुरू झालाय. पेटीच्या तळाला फळी सरकते की नाही यावर अर्धा दिवस गेला. फळी सरकत असेल तर मला बरं वाटेल. पाण्यात बचावासाठी कोण होतं, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत असल्यास कळवा. मी वाट पाहते आहे.

तुमच्यातलीच एक